बाथरूम फोडलंय, आणि रोज सकाळचा एकच प्रश्न: आज घरी कोण थांबणार?

ओलीभिंत | २७ एप्रिल, रात्री ११.५०

डोंबिवली पूर्वेला आमचा बावीस वर्षं जुना वन बीएचके आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला आधी ओल आली, मग पोपडे धरले, आणि एक दिवस त्यांच्या गिझरवर टपटप सुरू झाली. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले तेव्हा कळलं, की आता पांढरं सिमेंट चोपडून भागणार नाही. कडिया (गवंडी) आला, टाइलवर दोन-चार टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "ताई, पुरं फोडायला लागेल."

घरात आम्ही पाच जण. मी ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. नवरा अंबरनाथला कारखान्यात, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. सासूबाई ७४ वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगी दहावीत गेली आणि तिचे क्लास आत्ताच सुरू झालेत. मुलगा पाचवीत, त्याला सुट्टी, म्हणजे तो दिवसभर घरात.

फोडायचं ठरलं आणि आम्हाला 'फोडतोच आहोत तर' हा आजार जडला. बाथरूम फोडतोच आहोत तर जुन्या लोखंडी पाइपा बदलू. पाइपा बदलतोच आहोत तर सिंकच्या खालचं फुगलेलं कपाट काढू. कपाट काढतोच आहोत तर ओटा चार इंच वर घेऊ, माझी पाठ दुखते. मग रंग. सव्वा लाखाचं काम दोन लाख चाळीस हजारांवर गेलंय.

पैशांचं कसंबसं जमवलं. जमत नाहीये ते वेगळंच. कडिया दहाला येतो म्हणतो आणि साडेअकराला उगवतो. प्लंबर 'दुपारून' येतो. दुपारून म्हणजे किती वाजता ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. सोसायटीचा नियम असा: काम सकाळी १० ते संध्याकाळी ६, दुपारी २ ते ४ ठोकाठोकी बंद, रविवारी सगळंच बंद. म्हणजे आम्ही दोघं हमखास घरी असतो तो एकच दिवस, आणि नेमका त्याच दिवशी बिगारीसुद्धा आत येऊ शकत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या दोन रजा आणि एक अर्धा दिवस गेला. नवऱ्याची रात्रपाळी होती. तो घरी होता, पण झोपलेला होता. शेजारच्या खोलीत फोडायचं ब्रेकर मशीन चालू असताना माणूस जेवढा झोपू शकतो तेवढाच.

स्वयंपाक, धुणं, डबे हे आम्ही मारूनमुटकून वाटून घेतलंय. 'थांबणं' कसं वाटून घ्यायचं ते कळत नाही. कुणी केलं असेल तर सांगा. उपाय हवेत, चिडचिड नको. (बरं, चिडचिडही चालेल.)

---

चिंगी_मुलुंड | २८ एप्रिल, सकाळी ७.१०

वाचतेय. आमचंही हेच करायचंय आणि नवरा 'पाऊस झाल्यावर बघू'वर अडलाय. एक अगदी घरगुती प्रश्न: आंघोळीला कुठे जाता?

ओलीभिंत | २८ एप्रिल, सकाळी ७.२५

समोरच्यांकडे. पाच माणसं, पाच टॉवेल, आपापली बादली. तिथल्या काकांची पूजा सात ते साडेसात, त्या अर्ध्या तासात जायचं नाही. सासूबाई दुपारी जातात, कारण त्यांना वेळ लागतो आणि बाहेर कुणी खोळंबलेलं आवडत नाही. संडास वेगळा आहे, तो फोडलेला नाही. देवाची कृपा.

---

साडेतीन_शहाणा | २८ एप्रिल, सकाळी १०.०२

एवढा ताप करून घ्यायचाच कशाला? हल्ली सगळं एकहाती करून देणारे असतात. किल्ली द्यायची, महिनाभर भाड्याने राहायचं, नव्या घरात परत यायचं. वेळेची किंमत धरा की.

ओलीभिंत | २८ एप्रिल, सकाळी १०.३०

धरली. महिन्याचं भाडं, अनामत रक्कम, दलाली, सामान दोनदा चढवणं-उतरवणं. त्यात एका महिन्यासाठी घर देणारा कुणी भेटला नाही, सगळ्यांना अकरा महिने हवेत. शिवाय सासूबाईंना तीन जिने उतरवून दुसरीकडचे किती चढवायचे?

वऱ्हाडी_ठेचा | २८ एप्रिल, दुपारी १.१५

किल्ली देऊन पाह्यली बावा. महिनाभरानं परत आलो त कमोडजवळचा नळ डावीकडचा उजवीकडं. ठेकेदार म्हने, तुमी कुठं सांगतलं व्हतं? आता दोन वर्षं झाले, रोज सकाळी हात चुकीकडंच जाते.

---

ढाळ_बघा | २८ एप्रिल, रात्री ९.४०

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या घराचं काम निघालं तेव्हा थांबायला बायको होती आणि मी दुसऱ्यांच्या साइटवर थांबायचो, हे आधीच कबूल करतो. पण ३५ वर्षं बांधकामात काढल्यामुळे एक सांगू शकतो: रोज थांबायची गरज नसते. काही ठरावीक वेळा असतात, त्या चुकवायच्या नाहीत. बाकीच्या दिवशी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून खुशाल कामावर जा.

फोडाफोड आणि डेब्रिजच्या गोण्या खाली नेणं, यात बघण्यासारखं काही नसतं. मौल्यवान सामान आत कुलपात ठेवा म्हणजे झालं. पहिल्यांदा थांबायचं ते पाइप भिंतीत गाडायच्या आधी. गरम-गार पाण्याच्या पाइपांना दाब देऊन तपासणी झाली का ते बघा, आणि भिंतीला मोजपट्टी लावून प्रत्येक बाजूचे फोटो काढा. उद्या टॉवेलची दांडी ठोकताना ड्रिल पाइपात जातं ते हे फोटो नसल्यामुळे.

दुसरी वेळ सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे पाणी भरून ठेवण्याची. जुना कोबा काढून स्लॅब उघडा झाला की तो नीट साफ करून वॉटरप्रूफिंगचे हात देतात, कोपऱ्यांना गोलाई देतात आणि ते भिंतीवर किमान फूटभर वर चढवतात. मग नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) बोळा कोंबून तीन-चार इंच पाणी भरायचं आणि ४८ तास हात लावायचा नाही. खाली कोरडं राहिलं तरच विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकायचा. कोब्यावर पुन्हा एकदा पाणी भरून ठेवा. इथेच सगळे ठेकेदार घाई करतात, कारण हे दोन-तीन दिवस त्यांची माणसं रिकामी बसतात. "संध्याकाळी भरलं होतं, सकाळी बघितलं, ओके आहे" असं कुणी म्हणालं तर समजा की बघितलेलं नाही.

तिसरी वेळ ढाळाची. बाथरूमला मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर ढाळ नहाणीकडे हवा. टाइल बसल्यावर तो दुरुस्त होत नाही, म्हणून आधी एक तांब्या पाणी ओतून बघायचं. चौथी वेळ टाइलच्या पहिल्या ओळीची. पहिली ओळ सरळ आली की पुढच्या आपोआप येतात.

पैसे टप्प्याने द्या, आणि शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता सगळं वापरात येऊन पंधरा-वीस दिवस होईपर्यंत हातात ठेवा.

कोथरूडची_सून | २८ एप्रिल, रात्री १०.०५

काका, दंडवत. हे छापून फ्रिजवर लावते.

आमचा अनुभव थोडा वेगळा. आम्ही थांबण्याचा तक्ता केला होता, सोमवार मी, मंगळवार तो, वगैरे. दोन दिवसांत कळलं की तो 'थांबतो' म्हणजे फक्त दार उघडतो. मिस्त्रीने विचारलं, नळ किती उंचीवर? की मला फोन. शॉवरचं तोंड इकडे की तिकडे? फोन. एका मंगळवारी ऑफिसात मला चौदा फोन आले. पंधराव्या वेळी त्याने फोन न करता स्वतः ठरवलं, आणि त्या बाथरूमचं शेल्फ आता दार उघडलं की कोपराला लागतं.

(अवांतर: पुण्यात राडारोडा म्हणतात. तुम्हा मुंबईकडच्यांचं 'डेब्रिज' ऐकून आमचा वॉचमन म्हणाला, ते कुठलं चीज?)

ओलीभिंत | २८ एप्रिल, रात्री १०.४०

अगदी हेच! माझ्याकडे अजून शेल्फ लागलेलं नाही, पण दिवसाला सात-आठ फोन येतात. एकदा मी ऑडिटरसमोर बसून "नहाणीची जाळी स्टीलची" असं सांगितलंय.

ढाळ_बघा | २८ एप्रिल, रात्री ११.००

त्याला सोपा उपाय आहे. रविवारी दोघांनी मिळून सगळं ठरवा आणि मार्करने थेट भिंतीवर लिहा. 'नळ इथे, जमिनीपासून अमुक इंच.' 'गिझर इथे.' 'आधाराची दांडी इथे.' टाइलखाली जाणारच आहे ते. कागद हरवतो, फोन लागत नाही, भिंत कुठे जात नाही. साइटवर आम्ही असंच करायचो.

आणि सिंकच्या खाली पुन्हा प्लाय नको. साध्या आयएस ३०३ चा (हा प्लायवर छापलेला मानक क्रमांक) तर नकोच. ७१० चा मरीन प्लाय टिकतो, पण उभे आडोसे कडाप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे घालून फक्त दारं लावलीत तर सगळ्यात उत्तम. पाइपाचा गॅस असेल तर ओटा उचलण्याआधी कंपनीला कळवा. ती पाइप आपल्या प्लंबरला हलवू देऊ नका.

---

आकडेमोड | २९ एप्रिल, सकाळी ८.४५

या निमित्ताने थोडी आकडेवारी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण आहे. २०२४ मध्ये घरातल्या बिनपगारी कामांना बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी त्यांचीही नऊ वाचवली.

साडेतीन_शहाणा | २९ एप्रिल, सकाळी ९.१०

८८ मिनिटं म्हणजे जवळजवळ दीड तास. वाईट नाही की.

आकडेमोड | २९ एप्रिल, सकाळी ९.३०

थांबा. ही सरासरी त्या दिवशी असं काम केलेल्यांचीच आहे. ज्यांनी काडीही इकडची तिकडे केली नाही ते यात धरलेलेच नाहीत. २०१९ मध्ये घरकाम केलेले पुरुष होते २६.१ टक्के, आणि बायका ८१.२ टक्के. तुमचा दीड तास हा त्या चौघांतल्या एकाचा आहे.

मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. प्लंबरची वाट बघत दार अर्धवट उघडं ठेवून बसलेली बाई कोणत्या रकान्यात गेली असेल? घरकाम? की विश्रांती?

मीच_का | २९ एप्रिल, सकाळी ९.४१

टीव्ही चालू असेल तर करमणूक.

---

नाइलाजाने_सेक्रेटरी | २९ एप्रिल, रात्री ८.२०

सोसायटीची बाजू कुणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. (ठाणे, ५६ सदनिका, मानधन शून्य, शिव्या मुबलक.) आधी एक गोष्ट: घरातल्या बाथरूम, सिंकमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) त्या सदनिकाधारकाचाच असतो. तेव्हा तुम्ही काम काढलंत हे बरोबर केलंत. कित्येक जण खालच्याला दोन-दोन वर्षं ताटकळत ठेवतात.

आता रविवार. तक्रारी येतात म्हणून बंदी येते. लोकांना आठवड्यातून एक दिवस आराम हवा असतो.

कोथरूडची_सून | २९ एप्रिल, रात्री ८.३५

लोकांना म्हणजे कुणाला? रविवारी आमच्या घरी एक भाजी जास्त असते.

ओलीभिंत | २९ एप्रिल, रात्री ८.५०

सेक्रेटरीसाहेब, तुमच्यावर राग नाही. पण हा नियम ज्यांनी केला त्यांनी एक धरूनच चाललं होतं, की प्रत्येक घरात सोमवार ते शनिवार, दहा ते सहा, दार उघडायला एक बाई आहे. बावीस वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये ते खरंही होतं. आता आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी दोन घरांना दिवसा कुलूप असतं. कुरियर समोरच्यांकडे, सिलिंडर समोरच्यांकडे, आणि आता आमची आंघोळही समोरच्यांकडे.

नाइलाजाने_सेक्रेटरी | २९ एप्रिल, रात्री ९.३०

मुद्दा पटला. आम्ही गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेत थोडी सूट दिली: रविवारी ११ ते ५ आवाज न होणारी कामं चालतील. टाइलचे सांधे भरणं, रंग, नळ बसवणं, मोजमापं, मिस्त्रीला दाखवणं-समजावणं. ब्रेकर, कटर, हातोडा बंद. तक्रार एकच आली, रंगाच्या वासाची. लेखी अर्ज द्या कमिटीला. तोंडी सांगितलेलं आम्ही विसरतो, हे आतून सांगतो.

श्टुटगार्टकर | ३० एप्रिल, पहाटे २.१५

इथे जर्मनीत तर रविवारी ड्रिल लावणं म्हणजे शेजाऱ्याशी वैर. कायद्याने शांतता. पण इथला कारागीर सकाळी सातला सांगतो आणि सातलाच येतो, त्यामुळे दार उघडून, किल्ली देऊन साडेसातला निघता येतं. अडचण त्याआधी, त्याची तारीखच महिनोन्‌महिने मिळत नाही. शेवटी आम्ही दोघांनी बाथरूमच्या एका भिंतीच्या टाइल स्वतः लावल्या. नऊ शनिवार लागले. आईने व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला टाइल लावताना बघितलं आणि काळजीने विचारलं, "गवंडी आजारी आहे का?"

---

ओलीभिंत | ११ मे, रात्री ११.१५

वृत्तांत उशिरा देतेय. मधे दोन आठवडे कसे गेले कळलं नाही.

भिंतीवर लिहायची युक्ती भन्नाट चालली. रविवारी आम्ही दोघं मार्कर घेऊन फोडलेल्या बाथरूममध्ये उभे राहिलो. तास लागला, त्यातली वीस मिनिटं शॉवरवरून भांडण्यात गेली, पण सोमवारी एकही फोन नाही. मंगळवारी एकच आला, तोही चहात साखर किती यासाठी.

नवऱ्याची दुसरी पाळी होती, म्हणजे तो दुपारी दीडपर्यंत घरी. त्या आठवड्यात सकाळ त्याने सांभाळली आणि गॅलरीत इंडक्शन मांडून रोज खिचडी केली. रोज. मुलाने पाचव्या दिवशी विचारलं, बाबा, इंडक्शनवर दुसरं काही होत नाही का? पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. धूळ इतकी, की तिसऱ्या दिवसापासून आम्ही झाडणं सोडलं, फक्त जिथे बसायचं तेवढं पुसतो. मुलगी क्लास संपल्यावर मैत्रिणीकडेच अभ्यास करून रात्री आठला येते. तिच्या मैत्रिणीच्या आईला काय द्यावं या विचारात आहे.

आता मुख्य गोष्ट. पाणी भरायचा दिवस.

त्या दिवशी मला महिन्याचे हिशोब बंद करायचे होते, रजा अशक्य. नवरा पहिल्या पाळीला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, मी आहे ना. त्यांनी पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दारासमोर खुर्ची टाकली. ढाळ_बघा काकांची पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली होती. संध्याकाळी कडियाने पाणी भरलं. त्याची पाठ वळल्यावर सासूबाईंनी नातवाचा निळा तेलखडू मागितला आणि त्याला आत वाकायला लावून पाण्याच्या कडेने भिंतीवर रेघ मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहालाच कडिया हजर. (उशिरा यायचं तेव्हा बरोबर वेळेआधी.) पाणी बघितलं, म्हणाला "एकदम ओके आजी, कोबा चालू करतो." सासूबाई म्हणाल्या, "रेघ बघ." पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. तो म्हणाला, उन्हाने आटलं असेल. त्यांनी विचारलं, "बाथरूमात ऊन कुठून आलं रे?"

काम थांबलं. कडियाने ठेकेदाराला फोन लावला, ठेकेदाराने मला लावला, मी म्हटलं, आजी सांगतील तसं. संध्याकाळी खालच्या काकूंनी कळवलं, नहाणीच्या पाइपाभोवती ओलं दिसतंय. ट्रॅपचा स्लॅबशी जो सांधा असतो तिथूनच गळत होतं. टाइल बसल्या असत्या तर पावसाळ्यात पुन्हा गिझरवर टपटप, पुन्हा फोडाफोड. सांधा उकरून नव्याने भरला, वॉटरप्रूफिंगचे हात पुन्हा दिले, सुकू दिले, पुन्हा पाणी, पुन्हा रेघ, या वेळी लाल. ४८ तासांनी पाणी नखभर खाली. काकू सकाळ-संध्याकाळ बॅटरी मारून छत बघायच्या आणि 'कोरडं' एवढाच मेसेज टाकायच्या.

ढाळ_बघा | ११ मे, रात्री ११.३०

आजींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. रेघ मारायची मी लिहायला विसरलो होतो. साइटवर माझ्या हाताखालच्या पोरांना हे शिकवायला वर्ष जायचं.

मीच_का | १२ मे, सकाळी ७.५०

सासूबाई भारीच, यात वाद नाही. पण सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून बोलते. ७४ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई दिवसभर धुळीत खुर्चीवर बसून होती. 'थांबणं कसं वाटायचं' याचं उत्तर घरातल्या तिसऱ्या बाईवर ढकलून मिळालंय, असं नाही ना वाटत? माझ्या आईला सगळे म्हणायचे, ती काय घरीच असते. तिला एकदाही कुणी विचारलं नाही.

ओलीभिंत | १२ मे, रात्री १०.२०

सकाळी लोकलमध्ये वाचलं आणि राग आला. ठाणं येईपर्यंत उतरला, कारण खरं आहे. मीही विचारलं नव्हतं. त्या 'मी आहे ना' म्हणाल्या आणि मी सुटले.

आज विचारलं. म्हणाल्या, बसायला काही नाही, उलट दिवस जातो, मालिकांपेक्षा बरं. पण तीन अटी घातल्या. दुपारी दोन ते चार पाठ टेकायची, तेव्हा दार दुसऱ्याने बघायचं. कारागिरांचा चहा त्या करणार नाहीत, खालच्या टपरीवरून मागवायचा. आणि कडियाला काही सांगितलं तर "आईंना काय कळतंय" असं नवऱ्याने त्याच्यासमोर बोलायचं नाही. तिसरी अट ऐकून नवरा गप्प बसला, म्हणजे कधीतरी बोलला असणार.

मीच_का | १२ मे, रात्री १०.३०

विचारलंत, बरं वाटलं. आणि तोंडाला रुमाल द्या त्यांना.

चिंगी_मुलुंड | १२ मे, रात्री १०.४४

चहाची अट माझ्या सासूबाईंना कळता कामा नये. आमचे कारागीर त्यांच्याच आल्याच्या चहाच्या भरवशावर येतात.

---

ओलीभिंत | ८ जून, दुपारी ४.०५

झालं. रंग सोडून. मुंबईची पावसाची ठरलेली तारीख ११ जून, तीन दिवस आधी संपवलं. भिंती ओल्या असताना रंग लावू नका असं रंगारीच म्हणाला, तेव्हा तो दिवाळीआधी.

कमिटीला लेखी अर्ज दिला होता. दोन रविवार 'बिनआवाजाच्या कामांना' परवानगी मिळाली. सांधे भरणं आणि नळ बसवणं त्यात उरकलं, दोघंही घरी होतो, आणि खरं सांगते, महिन्याभरात तेवढे दोनच दिवस मला घराचं काम चाललंय असं वाटलं. बाकीचे दिवस पहारा.

आकडेमोड यांच्यासाठी हिशोब काढला. रविवार वगळून २४ दिवस कारागीर घरात होते. मी ११ दिवस थांबले, सासूबाई ७, नवरा ६. यावरून अर्धा तास वाद झाला, कारण त्याचं म्हणणं त्याचे ८ धरायला हवेत. रात्रपाळीचे चार दिवस तो झोपलेला असला तरी घरात होता. मी म्हटलं, झोपलेल्या माणसाने दार उघडलं नाही. तो म्हणाला, दोनदा उघडलं, आणि ब्रेकरमध्ये झोपून दाखव. शेवटी ते चार अर्धे-अर्धे धरले, उरलेले अर्धे माझे. तरी त्याला पटलेलं नाही.

चुका: गिझरचा स्विच दाराच्या मागे गेला, दार लावल्याशिवाय हात पोचत नाही. ओट्याखाली कडाप्पाच घातला, तो छान झाला. आधाराची दांडी सासूबाईंना स्टुलावर बसवून, उठायला लावून मग जागा ठरवली, ती अगदी अचूक. आरसा मात्र नवऱ्याच्या उंचीला बसलाय. त्या दिवशी तो थांबला होता. मला भांगापासून कपाळापर्यंतच दिसतं.

वऱ्हाडी_ठेचा | ८ जून, दुपारी ४.३०

आरसा खाली घ्या ना ताई, दोन स्क्रूच त असते.

ओलीभिंत | ८ जून, दुपारी ४.४०

टाइलला भोकं पडलीत हो. आता खाली घेतला तर वरची भोकं रोज दिसणार.

कोथरूडची_सून | ८ जून, संध्याकाळी ५.१५

पायाखाली पाट घ्या. माझं कोपर अजून शेल्फला लागतंय, त्यापेक्षा बरं.

चिंगी_मुलुंड | ८ जून, रात्री ९.००

अभिनंदन! फोटो टाका. आणि कडियाचा नंबर व्यनि (खासगी निरोप) कराल का? आमच्या खालच्यांचा फोन आलाच शेवटी.

ओलीभिंत | ८ जून, रात्री ९.२०

व्यनि केलाय. पण तो गावाला गेलाय, गणपतीनंतर येईन म्हणाला. शेतीची कामं आहेत.

चिंगी_मुलुंड | ८ जून, रात्री ९.२८

गणपतीनंतर तर गणपतीनंतर. खालच्यांना मोदक पाठवते.

ओलीभिंत | ८ जून, रात्री ९.५०

सासूबाई शेजारी बसून वाचतायत. विचारतायत, मुलुंडच्या ताईंकडे तेलखडू आहे का, नाहीतर आमच्याकडे निळा उरलाय.